गोल गाठीचे बेलर : रंग पाहून नव्हे, गाठ तोलून घ्या

भिवंडी, वाडा, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात सुक्या गवताचा आणि पेंढ्याचा धंदा करणारे आपले अनेक बांधव आहेत. मुंबईच्या तबेल्यांना चारा लागतो, कोकणात आंब्याच्या पेटीत पेंढा लागतो. पूर्वी वखारीवर माणसे लावून गवत प्रेसमध्ये दाबायचे, तारेने आवळायचे आणि गाठी ट्रकमध्ये भरायच्या, अशी रीत होती. हल्ली त्या कामाला मजूर मिळत नाहीत. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडून शेतातल्या शेतात गोल गाठी बांधणारे यंत्र, म्हणजे राउंड बेलर, घेण्याकडे कल वाढला आहे. आणि जो तो विचारतो, "कंपनी कोणती चांगली?"

आमचा धंदा कापडाचा. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, त्याला दोन कारणे आहेत. एक, गाठ ही चीज आम्ही तीस वर्षे उचलत, तोलत आणि उघडत आलो आहोत. दुसरे कारण जरा कडू आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या साडूंनी असे एक यंत्र घेतले, त्यात आमचीही भागी होती. नवा रंग, बोलका विक्रेता आणि इतरांपेक्षा कमी किंमत, एवढे पाहून आम्ही सौदा केला. ऐन हंगामात एका रूळाचे बेअरिंग गेले, त्यासोबत शाफ्टही खराब झाला. तो शाफ्ट यायला अकरा दिवस लागले. नवव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि कापून ठेवलेले गवत काळे पडले. ज्या तबेल्याला मालाची जबान दिली होती, त्याने दुसरा व्यापारी धरला. यंत्र पुढे सुरू झाले, गिऱ्हाईक मात्र परत आले नाही. त्यानंतर आम्ही जे शिकलो आणि तपासले, ते येथे मांडतो.

गोल गाठ आली कुठून?

गवत गुंडाळून गाठ करण्याची कल्पना अमेरिकेतली. नेब्रास्का राज्यातल्या उमो ल्युबेन या शेतकऱ्याच्या यंत्राला १९१० मध्ये पेटंट मिळाले. पुढे त्याचे हक्क अलिस-चामर्स कंपनीने घेतले आणि १९४७ मध्ये 'रोटो-बेलर' बाजारात आणले. त्याच्या गाठी लहान होत्या. मोठ्या गोल गाठीचे युग सुरू झाले ते १९७१ मध्ये, आयोवा राज्यातल्या पेला गावी गॅरी व्हर्मीर यांनी बांधलेल्या यंत्रापासून. एका माणसाने, हात न लावता सगळे गवत गोळा करावे, हा त्यामागचा हेतू होता. ती गाठ तीनशे ते सहाशे किलोची असते आणि लोडरशिवाय हलत नाही. युरोपात जर्मनीच्या क्लास कंपनीने १९७६ मध्ये 'रोलँट' हे यंत्र काढले.

आपल्या कामाची गाठ मात्र वेगळी. जपानमध्ये भाताची शेते लहान, म्हणून तिथल्या स्टार आणि ताकाकिता या कंपन्यांनी छोटी यंत्रे बनवली. स्टारच्या एका छोट्या यंत्राची गाठ पन्नास सेंटिमीटर व्यासाची आणि सत्तर सेंटिमीटर लांबीची असते. त्याच धाटणीची यंत्रे नंतर चीनमधूनही येऊ लागली. आपल्याकडे महिंद्रा, गुजरातची शक्तिमान आणि केरळची रेडलँड्स ही नावे या छोट्या बेलरमध्ये ऐकू येतात. यांतल्या बऱ्याच यंत्रांची गाठ सुमारे दोन फूट व्यासाची आणि तीन फूट लांबीची असते. गवताचा प्रकार आणि सुकेपणा यांप्रमाणे ती पंधरा ते तीस किलो भरते. एक माणूस खांद्यावर घेऊ शकतो, पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर ते यंत्र ओढू शकतो.

आत काय घडते?

बेलरच्या पुढे दाते लावलेला एक रूळ असतो. तो ओळीत पडलेले गवत उचलून आत ढकलतो. आत गवत गोल फिरत राहते, गाठ भरली की तिच्यावर सुतळी किंवा जाळी गुंडाळली जाते, मागचे दार उघडते आणि गाठ बाहेर पडते. सगळी यंत्रे इतपत सारखीच. फरक आहे तो आतल्या कोठीत, आणि ब्रँडची तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी.

पहिला प्रकार ठरावीक मापाच्या कोठीचा. इथे लोखंडी रूळ किंवा आडव्या पट्ट्या लावलेली साखळी एका पक्क्या वर्तुळात फिरते. कोठी अर्धी भरेपर्यंत गवतावर दाब नसतो, ते नुसते आत घोळत राहते. कोठी भरली की बाहेरून दाब येऊ लागतो. म्हणून गाठीचा गाभा मऊ आणि कड घट्ट होते.

दुसरा प्रकार बदलत्या मापाच्या कोठीचा. इथे रबरी पट्टे असतात आणि ते पहिल्या मुठीपासून गवत आवळत जातात. गाठ वाढते तसे पट्टे मागे सरकतात. गाभा घट्ट, गाठ जड, आणि हव्या त्या व्यासाची गाठ मिळते.

आमच्या कारखानदार आणि कारागीर बांधवांना हे चटकन समजेल. बीम भरताना सुरुवातीपासून ताण दिला तर बीम दगडासारखा होतो. आतले फेरे ढिले सोडून शेवटी ताण दिला तर वरून बीम झकास दिसतो, पण आत पोकळ राहतो. बेलरमध्येही हाच हिशेब आहे.

मग दुसरा प्रकारच चांगला असे कोणी समजू नये. मऊ गाभ्यातून हवा खेळते, थोडी ओल राहिली असेल तर ती निघून जायला वाव मिळतो. रूळांच्या यंत्रात झिजणारे भाग कमी, दुरुस्ती सोपी. पट्ट्यांच्या यंत्रात पट्टे झिजतात, त्यांचे जोड उसवतात, आणि गवताची ओळ वाकडी असली तर पट्टे एका बाजूला सरकतात. आपल्याकडची छोटी यंत्रे बहुतेक पहिल्या प्रकारची आहेत आणि आपल्या कामाला तीच ठीक आहेत.

मोठे ब्रँड : कोणाचे काय वैशिष्ट्य?

परदेशी मोठी यंत्रे आपण लगेच घेणार नाही, पण सेकंडहँड यंत्राची गोष्ट निघाली की ही नावे कानावर पडतात. म्हणून थोडक्यात सांगतो.

व्हर्मीर आणि जॉन डिअर यांचा मोठ्या यंत्रांतला लौकिक पट्ट्यांच्या कोठीवर उभा आहे. कोरड्या गवताच्या जड, घट्ट गाठी हे त्यांचे क्षेत्र. न्यू हॉलंडच्या 'रोल-बेल्ट' यंत्रात रूळ आणि पट्टे दोन्ही आहेत. रूळ गाभा फिरवायला सुरुवात करून देतात, पट्टे पुढचा दाब देतात. क्लास दोन्ही प्रकार बनवते, 'रोलँट' ठरावीक मापाचे आणि 'व्हेरिअंट' बदलत्या मापाचे. जर्मनीची क्रोन साखळी आणि पट्ट्यांसाठी ओळखली जाते, आणि तिच्या 'कॉम्प्रिमा' यंत्रात रबर चढवलेल्या कापडी पट्ट्यांवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. आयर्लंडची मॅकहेल ओल्या चाऱ्याच्या कामात नाव राखून आहे. तिचे 'फ्युजन' यंत्र गाठ बांधते आणि लगेच तिच्यावर प्लास्टिकचे आवरणही चढवते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रंग वेगळा म्हणजे कारखाना वेगळा असे नसते. न्यू हॉलंड आणि केस या एकाच समूहाच्या कंपन्या आहेत, मॅसी फर्ग्युसन आणि फेन्ट दुसऱ्या समूहाच्या. जर्मनीतला वेल्गर या जुन्या नावाचा बेलर कारखाना २०१७ मध्ये या दुसऱ्या समूहाकडे आला. म्हणजे दोन रंगांच्या यंत्रांत आतले भाग एकच असू शकतात. कापडाच्या बाजारात एकाच लूमवरचा माल दोन शिक्क्यांनी विकला जातो, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट. एखाद्या कंपनीचे ट्रॅक्टर आपल्या तालुक्यात दहा ठिकाणी दुरुस्त होत असतील, म्हणून तिच्या बेलरचे भाग तिथे मिळतीलच असे नाही. ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक हजारो, बेलरचे मोजके. दुकानदार त्याचा माल भरून ठेवत नाही. आम्ही नेमके इथेच फसलो.

गाठीची परीक्षा

यंत्र चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विक्रेत्याला सांगावे की आमच्या शेतात, आमच्या गवतावर चालवून दाखवा. त्यानंतर पुढील पाच परीक्षा घ्याव्यात.

पहिली, वजन. लागोपाठ दहा गाठी काट्यावर घ्याव्यात. सरासरी तर पाहावीच, पण सर्वांत हलकी आणि सर्वांत जड यांतला फरक जास्त बोलतो. एक गाठ सोळा किलोची आणि दुसरी चोवीस किलोची निघत असेल तर नगावर सौदा करता येणार नाही, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही बसणार नाही.

दुसरी, आकार. गाठ दोन्ही टोकांना सारखी हवी. मध्ये फुगलेली किंवा एका बाजूला निमुळती गाठ रचता येत नाही. मात्र हा दोष नेहमी यंत्राचा नसतो. गवताची ओळ कोठीच्या रुंदीइतकी पसरलेली हवी. ओळ अरुंद असेल तर चालकाने ट्रॅक्टर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा घ्यावा, म्हणजे दोन्ही टोके भरतात.

तिसरी, आपट. गाठ टेम्पोच्या उंचीवरून खाली टाकावी. सुतळी सुटली, घसरली किंवा गाठ चपटी झाली तर ती मुंबईपर्यंत टिकणार नाही.

चौथी, सुतळीचे फेरे. टोकाकडचा फेरा कडेपासून चार बोटांच्या आत असावा. तो फार आत असेल तर टोकाचे गवत वाटेत गळते. तो माल तुमचाच असतो.

पाचवी, पोट. एक गाठ आठवड्याने कापून आत हात घालावा. गाभा गरम लागला, कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर गवत ओले बांधले गेले आहे.

वजन आणि भाडे

गोल गाठीचा एक दोष विक्रेते सांगत नाहीत. गोल वस्तू चौकोनी जागेत पूर्ण बसत नाही. सरळ थर रचले तर शंभर घनफुटांपैकी साडेअठ्ठ्याहत्तर घनफुटांत माल आणि बाकी साडेएकवीस घनफुटांत हवा. वरच्या थराच्या गाठी खालच्या थराच्या खोबणीत बसवल्या तर हवा थोडी कमी होते, पण जात नाही. प्रेसच्या चौकोनी गाठीला हा तोटा नाही. म्हणून लांबच्या वाहतुकीत गोल गाठीला एकच उपाय, ती घट्ट हवी.

हिशेब करून पाहू. सतरा फूट लांब, सहा फूट रुंद टेम्पोत दोन फूट व्यासाच्या, तीन फूट लांबीच्या गाठी रुंदीत तीन, लांबीत पाच आणि उंचीत पाच थर अशा पंचाहत्तर बसतात. उदाहरणापुरते भाडे तीन हजार रुपये धरू. गाठ वीस किलोची असेल तर माल पंधराशे किलो, भाडे किलोला दोन रुपये. गाठ पंचवीस किलोची असेल तर माल अठराशे पंचाहत्तर किलो, भाडे किलोला एक रुपया साठ पैसे. किलोमागे चाळीस पैशांचा हा फरक प्रत्येक खेपेला पडतो. यंत्र घेताना वाचवलेले पंचवीस हजार रुपये असेच एकेका खेपेत निघून जातात.

ज्यांचा माल आसपासच्याच गोठ्यांत जातो, त्यांना हा तोटा जाणवणार नाही. ज्यांची गाडी रोज मुंबईला जाते, त्यांनी चौकोनी गाठीचे बेलरही पाहून घ्यावे. पंजाब-हरियाणात २०१८ च्या केंद्रीय योजनेनंतर पेंढा बांधणारी यंत्रे पुष्कळ वाढली, आणि तिथे चौकोनी गाठीलाच जास्त पसंती आहे. त्यामागे रचाई आणि वाहतूक हेही मोठे कारण आहे.

पाऊस, ओल आणि आग

गोल गाठीचा गुण असा सांगतात की पाणी तिच्यावरून ओघळून जाते. हे अर्धेच खरे. दोन फूट व्यासाच्या गाठीची बाहेरची दोन इंच साल भिजून खराब झाली तर एकंदर मालाचा तीस टक्के भाग गेला. नजरेला दोन इंच दिसतात, हिशेबात जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. आपल्याकडच्या पावसात गाठ छपराखालीच हवी, आणि जमिनीवर नव्हे, फळ्यांवर.

गवत बांधताना ओल अठरा टक्क्यांच्या खाली हवी, पंधराच्या आसपास असेल तर उत्तम. मीटर नसेल तर एक जुनी युक्ती आहे. काचेच्या बरणीत मूठभर गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन मिनिटे हलवावे. मिठाचे खडे झाले तर गवत अजून ओले आहे. मीठ मोकळे राहिले तर बांधायला हरकत नाही. ओल्या गाठी पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत आतून तापतात. गाभा पासष्ट अंशांच्या वर गेला तर रोज पाहणी करावी. ऐंशीच्या आसपास गेला तर आग लागू शकते. अशा वेळी स्वतः गाठी ओढायला जाऊ नये, कारण हवा लागताच त्या पेट घेतात. अग्निशामक दलाला बोलवावे.

सुतळी की जाळी?

हा विषय आमच्या जवळचा. जाळी हे शेवटी एक विणलेले कापडच आहे. उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या पट्ट्यांपासून रॅशेल मशीनवर ती विणतात. तिचे दोन-तीन फेरे पुरे होतात, म्हणून ट्रॅक्टर कमी वेळ थांबतो आणि पानगळ कमी होते. सुतळीला फेरे जास्त, वेळ जास्त, पण खर्च कमी.

वेळ मोलाचा असेल तर जाळी बरी, असे यंत्रवाले म्हणतात. आमचे मत चाऱ्याच्या धंद्यासाठी तागाच्या सुतळीच्या बाजूने आहे. जाळीचा तुकडा म्हशीच्या पोटात गेला तर तो पचत नाही, साचत जातो. तबेल्यावर पहाटे घाईत चारा टाकणारा गडी प्रत्येक गाठीची जाळी नीट काढेलच याची हमी कोण देणार? कापसाच्या धंद्याने हा धडा घेतला आहे. जॉन डिअरची कापूस वेचणारी मोठी यंत्रे कापसाची गोल गाठ बांधून वर प्लास्टिक गुंडाळतात. त्या प्लास्टिकचे तुकडे रुईत येऊ लागले, तेव्हा अमेरिकेत २०१८ मध्ये कापसाची प्रतवारी करताना प्लास्टिकसाठी वेगळी नोंद सुरू करावी लागली. आवरणाने माल बिघडवला तर गाठ कितीही सुबक असली तरी काय उपयोग?

खरेदीपूर्वी हे विचारा

विश्वासार्हता म्हणजे यंत्र कधीच न मोडणे नव्हे. मोडणार ते प्रत्येक यंत्र. ते किती तासांत पुन्हा उभे राहते, तीच विश्वासार्हता. म्हणून पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत.

बेअरिंग आणि साखळ्या बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण मापाच्या आहेत की कंपनीच्याच खास मापाच्या? सर्वसाधारण मापाच्या असतील तर लूम दुरुस्त करणारा आपला कोणताही फिटर त्या बदलू शकेल. बेअरिंगवरचा नंबर स्वतः वाचून बाजारात विचारून यावे.

पट्टे, दाते, सुतळी कापण्याची सुरी आणि शिअर बोल्ट यांचा साठा विक्रेत्याकडे आज आहे का? दुकानात जाऊन डोळ्यांनी पाहावा. "दोन दिवसांत मागवून देतो" हा वायदा समजावा, साठा नव्हे.

याच मॉडेलने दोन हंगाम काढलेले तीन गिऱ्हाईक कोण? त्यांना विक्रेत्याशिवाय भेटावे. मालकापेक्षा चालकाला विचारावे, तो खरे सांगतो.

सरकारी चाचणीचा अहवाल आहे का? मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था आणि अशा इतर संस्था शेती यंत्रांची चाचणी करतात. गाठीचे वजन, ताशी काम, झीज आणि मोडतोड हे सारे त्या अहवालात असते. जाहिरातीच्या कागदापेक्षा तो कागद वाचावा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अनुदान मिळते का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारावे. अनुदानाच्या अटी यंत्र विकत घेतल्यावर वाचून उपयोग नाही.

यंत्र घेतल्यावर रोज सकाळी साखळ्यांना तेल, बेअरिंगना ग्रीस आणि रूळांभोवती गुंडाळलेले गवत साफ, एवढे तरी व्हावे. रूळावर गुंडाळलेले गवत बेअरिंग तापवते, आणि तेच बेअरिंग हंगामात दगा देते. गवत अडकले तर ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालूनच हात लावावा. चालू बेलरने माणसाचा हात ओढल्याचे प्रकार जगभर घडले आहेत. उतारावर गाठ सोडताना ट्रॅक्टर आडवा घ्यावा, नाहीतर गाठ गडगडत जाते.

आमचा निष्कर्ष

आता कोणी विचारेल, एवढे सांगून नाव कोणते घेता? आमचे उत्तर असे. तुमच्या गावापासून एका दिवसात जाऊन-येऊन ज्याचा शाफ्ट, बेअरिंग आणि सुरी मिळते, आणि ज्याच्या दहा गाठींच्या वजनात दोन-तीन किलोंपेक्षा जास्त फरक पडत नाही, तो तुमचा ब्रँड. वाड्याला तो एक असेल, गोंदियाला दुसरा.

साडूंनी ते यंत्र पुढच्याच वर्षी विकले. दुसरे घेताना आम्ही दोघेही गेलो होतो. या वेळी विक्रेता रंग दाखवत होता आणि साडू खाली वाकून बेअरिंगचे नंबर लिहून घेत होते. यंत्राची किंमत थोडी जास्त पडली. गेल्या हंगामात त्याचीही एक साखळी तुटली. सकाळी दहाला तुटली, दुपारी तीनला गाठी पुन्हा बाहेर पडत होत्या, आणि संध्याकाळी ठरलेली गाडी ठरलेल्या तबेल्यावर पोहोचली.